टोकन मिळालं, रिपोर्टचं काय?

सरकारी हॉस्पिटलात केसपेपर काढायचा म्हणजे अर्धी सकाळ गेलीच समजा. आता बऱ्याच ठिकाणी खिडकीजवळ क्यूआर कोड दिसतो. फोनमधल्या अ‍ॅपने स्कॅन करा, नाव-पत्ता शेअर करा, टोकन घ्या. २०२२ मध्ये आलेली ही 'स्कॅन अँड शेअर' सोय आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा भाग आहे.

पण २०२१ मध्ये हे मिशन देशभर सुरू झालं, तेव्हा आश्वासन मोठं होतं. १४ अंकी 'आभा' नंबरला आपले रिपोर्ट जोडले जाणार, आणि आपण परवानगी दिली तरच दुसरा डॉक्टर ते पाहणार.

मग टोकनच आधी का रुळलं? हॉस्पिटलचा हिशोब सरळ आहे. कोड चिकटवला की त्यांच्याच खिडकीवरची गर्दी कमी होते. रिपोर्ट जोडायचे तर सॉफ्टवेअर बदला, स्टाफला शिकवा, गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला टायपिंग करायला लावा. खर्च यांचा, आणि पेशंटला फायदा होणार दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्यावर! म्हणूनच २०२३ मध्ये नोंदी जोडणाऱ्यांना प्रोत्साहनपर रक्कम द्यायला सरकारने सुरुवात केली.

तरीही नोंद जोडली गेली म्हणजे ती पेशंटच्या हातात आली असं नाही. साधा फोन वापरणाऱ्या आजीने काय करायचं? असे निर्णय जिथे होतात, त्या बैठकीत हे विचारायला पेशंटच्या बाजूचं कुणीतरी हवं. तोवर निदान खिडकीवर आपण विचारूया: टोकन मिळालं, माझा रिपोर्ट कधी दिसणार?