वारेचे काम आणि दोन तासांची तपासणी

दर महिन्याची ९ तारीख ही गर्भवतींच्या मोफत तपासणीची. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून हा दिवस ठरलेला आहे. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन लवकर उरकते. पण साखरेसाठी दोन तास थांबायचे म्हटले, की सातपुड्याच्या पायथ्याकडून यावल किंवा शिरपूरला आलेल्या बाईला परतीच्या गाडीची काळजी लागते. ही तपासणी का टाळू नये, हे वारेचे काम पाहिले की कळते.

वार बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरवते. तिच्या पेशींच्या केंद्रात ‘पीपीएआर-गॅमा’ नावाचे प्रथिन असते. ठरावीक स्निग्ध पदार्थ त्याला चिकटले, की ते अनेक जनुकांचे काम चालू-बंद करते. आईच्या शरीरातील चयापचयाची खबर वारेला मिळण्याचा हा एक मार्ग आहे. उंदरांमध्ये या प्रथिनाचे जनुक काढून टाकले, तेव्हा वार नीट घडली नाही आणि गर्भ दहाव्या दिवसाच्या सुमारास दगावले. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग या प्रथिनाला चालना देणारे औषध गर्भवतीला द्यावे का? नाही. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध याच प्रथिनावर काम करते. पण गरोदरपणात ते सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही. ते चालू असताना दिवस गेले, तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

‘बाई सडपातळ आहे, तिला कसली साखर?’ हा समजही सोडायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच होते. तरी त्या मानाने अंगात चरबी जास्त होती. अंगकाठीवरून आतला हिशेब कळत नाही.

तपासणी सोपी आहे. उपाशी राहावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर १४० किंवा अधिक आली तर उपचार हवेत. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच, दुसरी २४ ते २८ आठवड्यांत.

केंद्रांनी एवढे करावे : बाई आल्याबरोबर आधी ग्लुकोज द्यावे, बाकीची रांग नंतर लावावी. दोन तास त्यातच निघून जातील आणि गाडीही चुकणार नाही.