आडनांवांच्या गोष्टी : जोशी

शाळेंत हजेरी घेतांना आमची खरी फजिती होत असे ती जोशांपाशीं. एका वर्गांत पांच जोशी. हांक एक मारावी आणि ‘हजर’ पांच तोंडांनीं ऐकावें. आद्याक्षरांवर वांटणी करावयास गेलों, तर दोघांचीं आद्याक्षरेंही एकच निघालीं! त्या पांचांतला एक आतां पन्नाशीला आला आहे. परवां त्यानें आपल्या घराण्याची वंशावळ तपासावयास आणून दिली, आणि या महिन्याचा विषय आम्हांला अनायासें मिळाला.

शब्दाचें मूळ उघड आहे. संस्कृत ‘ज्योतिषी’ लोकांच्या तोंडीं घासून घासून ‘जोशी’ झाला. म्हणजे हें आडनांव गांवावरून नव्हे, वृत्तीवरून पडलेलें. ग्रामजोशी पंचांग सांगे, लग्नमुंजींचे मुहूर्त काढी, आणि त्याबद्दल त्यास वतनी हक्क असे. वृत्ति सर्वत्र, म्हणून आडनांवही सर्वत्र. गुजराथेंत आहे, कुमाऊंत आहे, कर्नाटकांतही आहे. कुडमुडें वाजवीत दारोदार भविष्य सांगणारा भटका कुडमुड्या जोशीही याच नांवाचा धनी. आडनांव ऐकतांच जात आणि गोत्र ओळखल्याचा आव आणणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

बदरीनाथाच्या वाटेवरील जोशीमठ मात्र जोशांचा नव्हे. तो मूळचा ज्योतिर्मठ, आद्य शंकराचार्यांच्या चार मठांपैकीं एक. २०२३ च्या जानेवारींत तेथील जमीन खचून घरांच्या भिंती दुभंगल्या. पुढें २०२४ सालीं तालुक्यास जुनें नांव परत मिळालें. मुळाशीं ‘ज्योति’ दोहोंकडे आहे, नातें एवढेंच.

थोर पुरुषांची वाण या आडनांवास नाहीं. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन करणारे आणि १८७७ च्या दिल्ली दरबारांत हातसुताची खादी लेऊन गेलेले गणेश वासुदेव, मराठी विश्वकोशाचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री, भारतीय संस्कृतिकोशाचे महादेवशास्त्री, गुजराथी कवि उमाशंकर, गदगचे भीमसेन. यांचा परिचय वाचकांस नव्यानें करून द्यावयास नको.

आमची लेखणी थांबते ती आनंदीबाईंपाशीं. त्या माहेरच्याही जोशी, सासरच्याही जोशी. लग्नानें यमुनेची आनंदी केली, आडनांव तेवढें जागच्या जागीं राहिलें. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें. वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या दुःखांतून झाला. १८८३ त त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ त फिलाडेल्फियास एम्. डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास निवर्तल्या. त्यांची रक्षा मात्र न्यूयॉर्क प्रांतांतील पकीप्सी येथें, ज्या बाईंनीं त्यांस लेकीप्रमाणें घरांत घेतलें त्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत आहे. शुक्रावरील विवरांस स्त्रियांचीं नांवें देण्याचा खगोलशास्त्रज्ञांचा प्रघात आहे. तेथील सुमारें ३४ किलोमीटर रुंदीच्या एका विवरास आनंदीबाईंच्या स्मरणार्थ ‘जोशी’ हें नांव आहे. शुक्राचा अस्त पाहून विवाहाचे मुहूर्त राखण्यांत ज्या वृत्तीच्या पिढ्या गेल्या, तिचें नांव शुक्रावर गेलें तें एका सुनेमुळें, आणि लेकीमुळेंही!

हें लिहीत असतां वंशावळीची वही शेजारींच उघडी होती. आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या पिढींत चार भावांचीं नांवें आहेत, जन्मतिथि आहेत, एकाची तर कुंडलीही आहे. पुढें ‘कन्या ३’ एवढेंच. वही परत करतांना त्या अक्षरांखालीं तीन ओळी आंखून दिल्या आणि घरांत विचारून भरण्यास सांगितलें. त्याच्या वृद्ध मातोश्रींस दोन नांवें आठवलीं, तींही सासरचीं. तिसरी ओळ अद्याप कोरी आहे.