जोर नको, जागा द्या

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला तो सायकल घेऊनच. जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल. गाडीच्या टपावर बांधून आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेनगावच्या रस्त्याला फिरायला गेला आणि तासाभरात सायकल हाताने ढकलत परत. बाभळीचा काटा.

या टायरमध्ये ट्यूब नसते. आत दुधासारखं एक औषध घालतात. काटा लागला की ते त्या भोकात जाऊन गोठतं आणि हवा थांबते. पण हे औषध काही महिन्यांनी वाळतं, उन्हाळ्यात तर लवकरच. सायकल उन्हाळाभर बाल्कनीत उभी होती, त्यामुळे औषधाची साय झाली होती. नातवाजवळ जादा ट्यूब होती. टायर उघडायचा, ट्यूब घालायची, संपलं. पण टायर रिम सोडेना. त्याने पुण्याच्या दुकानात फोन लावला. उत्तर आलं, हे टायर हाताने निघत नाहीत, दुकानात घेऊन या. गोरेगावहून पुण्याला, एका पंक्चरसाठी!

मग मी पुढे झालो. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी सायकलवर शाळेत गेलो आहे. काळ्या मातीत चाक रुतलं तर काडीने चिखल काढत आणि पंक्चर स्वतः काढत. म्हटलं, सरक बाजूला. पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेतला, एक कड कशीबशी उचलली, ट्यूब घातली, आणि कड परत आत ढकलताना त्याच स्क्रूड्रायव्हरने नव्या ट्यूबला भोक पाडलं. रिमवर चरा पडला तो वेगळाच. नातू काही बोलला नाही. त्याचं ते न बोलणंच लागलं.

संध्याकाळी चाक खांद्याला अडकवून आम्ही स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी. सातवीनंतर शाळा सुटली त्याची. असलं टायर त्यानेही पाहिलं नव्हतं. चाक मांडीवर फिरवून बघितलं, आत बोट घातलं आणि म्हणाला, "गुरुजी, जोर कशाला लावता? त्याला जागा द्या की."

मग त्याने जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण उपयोगाचं आहे. हवा पूर्ण सोडली. दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड रिमच्या मधल्या बाजूला दाबत गेला, चाकभर, आधी एक बाजू, मग दुसरी. दर थोड्या अंतरावर "टक्" असा आवाज. ट्यूबविना हवा धरायची म्हणून या रिमला काठाशी एक सपाट पायरी असते आणि पायरीच्या आत बारीक उंचवटा. कड त्या उंचवट्यामागे अडकून बसते. ती तिथून सुटल्याशिवाय कितीही ओढा, व्यर्थ. रिमच्या मधोमध मात्र खोलगट पन्हळ असते. सगळी कड त्या पन्हळीत उतरवली की टायर सैल पडतो. मग व्हॉल्व्हजवळून कड उचलायची, कारण तिथे व्हॉल्व्ह आड येतो आणि कड पन्हळीत नीट उतरत नाही. लागलीच तर प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, लोखंडी नको.

बसवताना याच्या उलट. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात, व्हॉल्व्हपाशी शेवट. शेवटची वीतभर कड अडून बसली की आपण तिथेच जोर लावतो. चूक तिथेच होते. अडलेली जागा सोडून समोरची कड पुन्हा पन्हळीत दाबत यायची, तिथली ढील इकडे सरकते. थोडं साबणाचं पाणी लावलं तर उत्तम. मग टायरवर लिहिलेल्या मर्यादेत हवा भरायची. कड फटाक्यासारखा आवाज करून पायरीवर बसते, दचकू नका.

ट्यूब घालण्याआधी त्याने टायरच्या आतून फडकं फिरवलं. ते जागोजाग अडकलं. सराटे! औषधाने भोकं बुजवली होती, काटे मात्र आतच होते. मोजले, चौदा निघाले. तसंच ट्यूब घातली असती तर घरी पोहोचेपर्यंत चौदा पंक्चर. माझ्या ट्यूबचं भोकही त्याने ठिगळ लावून बुजवलं. पैसे घेतले ते फक्त ठिगळाचे.

रात्री कागद घेऊन बसलो. पन्हळ पायरीपेक्षा तीन मिलिमीटर खोल धरा. परिघातला फरक दोन गुणिले ३.१४ गुणिले तीन, म्हणजे जवळजवळ १९ मिलिमीटर. गंमत म्हणजे यात चाकाच्या आकाराचा संबंधच नाही. ६२२ मिलिमीटरची रिम असो की ५५९ची, ढील तेवढीच. गणिताचे सर नसले की तो तास मी घेत असे. वर्तुळाच्या परिघावरून याच मुलाला मी छडी दिली होती. सूत्र मला येत होतं, अंगठ्याला ते त्याच्या कळलं होतं. याची मला अजून लाज वाटते.

आणि हे काही परदेशी ज्ञान नव्हे. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना लहानपणी पाहिली आहे. धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की चाकावर घालून वर पाणी ओतायचं. चार फुटी चाकाची धाव पाचशे अंश तापली की परिघात सुमारे अडीच सेंटिमीटर वाढते. तिथेही घण नंतर, जागा आधी. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला तेव्हा तो रिमला चिकटवलेला असे. मिशेलिन बंधूंनी १८९१ साली सुटा निघणारा टायर आणला, तो वाटेत, स्वतःच्या हाताने पंक्चर काढता यावं म्हणूनच. सव्वाशेहून अधिक वर्षांनी दुकानदार म्हणतो, हाताने निघत नाही.

"आमच्या वेळी बरं होतं" असं मला म्हणायचं नाही. सराट्याच्या मुलखात बिनट्यूबचा टायर खरोखर चांगला. काही टायर आणि रिमची जोडीच जरा जास्त घट्ट जमते, हेही मान्य. पण वस्तू विकणाऱ्याने ती उघडायची कशी हे पाच मिनिटं दाखवावं. न दाखवता "दुकानात आणा" म्हणणं म्हणजे गिऱ्हाईकाला कायमचं बांधून ठेवणं.

शाळांबद्दलही माझं तेच म्हणणं आहे, आणि त्यात मी स्वतः आलो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. उत्तम योजना. पण आमच्या गल्लीतच दोन सायकली हवा नसल्यामुळे भिंतीला टेकून आहेत. एकीचा बाप मजुरीला जातो, त्याला वेळ नाही. मुलीला कुणी शिकवलं नाही. सायकल दिली, पंक्चर काढायला शिकवलं नाही, तर अर्धीच सायकल दिली.

त्यातली एक मुलगी गेल्या रविवारी ओट्यावर आली होती. माझे अंगठे आता दुखतात, मी फक्त सांगत होतो. पहिल्यांदा तिनेही अडलेल्या जागीच जोर लावला. म्हटलं, समोरून दाब. सोमवारी ती सायकलवर शाळेत गेली. दुसरी सायकल अजून भिंतीलाच आहे; या रविवारी तिची पाळी.

तुमच्याकडे मुलांना हे कोण शिकवतं? जरूर कळवा.