पडद्यावरचा रोगी

अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाच्या परवान्यासाठी जी तीन टप्प्यांची परीक्षा घेतली जाते, तिच्या अखेरच्या टप्प्यात १९९९ पासून संगणकाने उभ्या केलेल्या रोग्यांवर उपचार करून दाखवावे लागतात. भारतातून तिकडे स्थायिक होऊ पाहणारे डॉक्टरही याच परीक्षेला बसतात. आपल्याकडे पदवीधर डॉक्टरांसाठी देशव्यापी ‘नेक्स्ट’ परीक्षेची तरतूद २०१९ च्या कायद्याने झालेली असल्याने, तिकडचा अनुभव तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या परीक्षेत पडद्यावर रोग्याची त्रोटक हकीकत येते. चार पर्यायांतून एक निवडण्याची सोय तेथे नाही. कोणती तपासणी, कोणते औषध, रोग्याला घरी पाठवावे की अतिदक्षता विभागात, हे उमेदवाराने स्वतः टंकित करायचे. पडद्यावरचे घड्याळ पुढे सरकले की रोगी सुधारतो वा ढासळतो. छातीत कळ आलेल्या माणसाच्या सर्व अहवालांची वाट पाहत बसणाऱ्याला विलंबाची किंमत तेथेच मोजावी लागते.

ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. पूर्वी तेथेही रोग्याच्या खाटेपाशी तोंडी परीक्षा होत असे. परंतु एकाच उमेदवाराविषयी दोन परीक्षकांचे एकमत होईना. तेव्हा १९६० च्या दशकात कागदावरचे रोगी आले. निवडलेल्या तपासणीसमोरची जागा विशिष्ट लेखणीने घासली की निष्कर्ष उमटे. गंमत अशी की, दिसेल ती जागा घासणारा गुण मिळवी आणि नेमक्या मुद्द्याला हात घालणारा अनुभवी वैद्य मागे पडे! संगणकीय पद्धतीत हा दोष पुष्कळसा दूर झाला आहे. अनावश्यक व धोक्याच्या तपासण्यांबद्दल तेथे गुण कापले जातात. गुण यंत्र देते, पण कशाला किती वजन द्यावे हे तज्ज्ञ डॉक्टरांच्या निवाड्यांवरूनच ठरते.

मात्र या रोग्याचे पोट तपासायचे म्हणजे ‘पोट’ या शब्दावर खूण करायची. निष्कर्ष लेखी हजर! बोटांना वाढलेली प्लीहा कळते की नाही, हे यंत्राला समजत नाही. बांबोळीच्या बाह्यरुग्ण विभागात दुसरीकडचा काढा चालू असल्याचे लपवणाऱ्या आजीकडून कोकणीत गोडीगुलाबीने ते काढून घेणे, हीही वैद्यकीच आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेने २००४ मध्ये रोग्याची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित माणसांसमोर परीक्षा सुरू केली. अवघ्या पाच शहरांत केंद्रे आणि जबर शुल्क, यामुळे तिच्यावर टीका होतच होती. २०२० मध्ये कोविडमुळे ती थांबली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद झाली. गैरसोयीची होती तीच परीक्षा गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

‘नेक्स्ट’च्या २०२३ मधील नियमांत पहिला टप्पा संगणकावरील बहुपर्यायी प्रश्नांचा, तर दुसरा प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेचा होता. त्याच वर्षी ती परीक्षा पुढे ढकलण्यात आली. फेरविचार करताना पहिल्या टप्प्यातील काही प्रश्नांच्या जागी पडद्यावरचे रोगी अवश्य आणावेत. दुसऱ्या टप्प्याला मात्र खर्चाच्या वा परीक्षकांच्या तुटवड्याच्या सबबीखाली हात लावू नये. आणि ते पडद्यावरचे रोगीही इथले हवेत. पावसाळ्यात शेतातून लेप्टोस्पायरोसिस घेऊन येणारा, सर्पदंशानंतर आधी मांत्रिकाकडे जाऊन उशिरा दवाखान्यात पोहोचलेला, असे रोगी अमेरिकेहून विकत आणता येणार नाहीत.