गोड गोळ्यांचं गणित

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली. त्यामुळे होमिओपॅथीच्या बाटलीवर ‘३० सी’ दिसलं की आकडेमोड सुरू होते. शंभर भागांत एक भाग, असं ३० वेळा पातळ करायचं. १२ व्या पायरीपुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरणंही मुश्कील. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासले. एकाही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा तिला सापडला नाही. आमची सूनबाई म्हणते, सर्दीला गुण येतो. सर्दी तशीही आठवड्यात बरी होतेच की!

मला खटकतं ते सरकार. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून, औषधशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची मुभा दिली. खेड्यांत डॉक्टर कमी आहेत, मान्य. पण होमिओपॅथांचा आपल्या गोळ्यांवर भरवसा असेल, तर ही मुभा मागितली कशासाठी?