अंगावर काढू नका, सिस्टरला सांगा

अंगावरून पांढरं जातं, खाली खाज सुटते, लघवीला आग होते, ओटीपोट दुखतं. ज्या बाईला हे होतं, ती दवाखान्यात आली तरी हे सांगत नाही. आधी अशक्तपणा सांगते, मग डोकेदुखी. रक्तवाढीच्या गोळ्या हातात पडल्या, उठायची वेळ झाली, की दाराशी घुटमळते आणि हळूच म्हणते, ‘सिस्टर, आणखी एक होतं.’ खरं दुखणं ते असतं. पुरुषांचं तर त्याहून अवघड. ‘मोठे डॉक्टर कधी येतात?’ एवढं विचारून ते परत फिरतात आणि वाटेत मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन टाकतात.

मी परिचारिका आहे. कागदोपत्री या आजारांना प्रजननमार्गाचे संसर्ग आणि लैंगिक संसर्गजन्य आजार अशी लांबलचक नावं आहेत. गावात त्यांना धुपणी, परमा, गरमी म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. नाव कोणतंही असो, माझं तुमच्याकडे मागणं एकच आहे: हे दुखणं अंगावर काढू नका. वेळेत आलात तर यातले बरेचसे आजार एका डोसात नाहीतर आठ-पंधरा दिवसांच्या औषधांनी बरे होतात. ती औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उशीर केलात तर तेच दुखणं मूल न होण्यापर्यंत, कधी जिवापर्यंत जातं.

आपल्या एकटीलाच हे झालंय, असं प्रत्येकीला वाटतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. तक्रार मात्र शंभरात ५५ जणींचीच होती आणि पूर्वी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. या गोष्टीला पस्तीसहून जास्त वर्षं झाली. रस्ते झाले, मोबाइल आले, दाराशी घुटमळणं काही संपलं नाही.

आता नीट समजून घ्या. अंगावरून जाणारं सगळंच पांढरं आजाराचं नसतं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पातळ, चिकट, तार धरणारा स्राव जातो. गरोदरपणात तो वाढतो. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर घाबरू नका. तो शरीराचा रोजचा कारभार आहे. दह्याच्या कवड्यांसारखं जात असेल आणि खाज थांबत नसेल, तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. राखाडी पाणी, माशासारखा वास, हे आतल्या जंतूंचा तोल बिघडल्याचं लक्षण. पिवळं-हिरवं, फेसाळ पाणी जात असेल तर तो संबंधातून आलेला संसर्ग असण्याची शक्यता मोठी. नक्की काय ते तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून घरच्या घरी निदान करू नका.

इथे सासूबाईंना आणि नवरोबांना मुद्दाम सांगते. बुरशीचा आजार मधुमेह असला तरी होतो, अँटिबायोटिकच्या गोळ्या जास्त झाल्या तरी होतो, गरोदरपणातही होतो. पांढरं जातं म्हणून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. आणि आजार संबंधातून आलेला असला, तरी लग्नाच्या बाईला तो बहुतेक वेळा घरातूनच आलेला असतो.

दुसरं, हे आजार गप्प बसून काम करतात. क्लॅमिडिया नावाचा संबंधातून येणारा संसर्ग आणि परमा यांची कित्येक बायकांना कसलीही जाणीव होत नाही. जंतू वर चढतात, गर्भनलिका सुजतात, चिकटतात. दोन-चार वर्षांनी मूल होत नाही म्हणून बाई देवदेव करत फिरते. कधी गर्भ पिशवीत न राहता नळीतच रुजतो आणि नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. गरमीची तऱ्हा आणखी फसवी. जननेंद्रियावर एक फोड येतो, चिघळतो, दुखत मात्र नाही. काही आठवड्यांत आपोआप भरूनही येतो. माणूस सुटकेचा श्वास टाकतो. आजार गेलेला नसतो, रक्तात उतरलेला असतो. सुरुवातीलाच आलात तर त्यावर पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं. बाई गरोदर असेल आणि उपचार झाला नाही, तर मूल पोटात दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्माला येऊ शकतं. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला गरमीची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करतात. ‘मला कशाला ही तपासणी?’ असं म्हणून हात मागे घेऊ नका. ती सगळ्यांचीच करतात, कोणावर संशय म्हणून नाही.

दवाखान्यात गेल्यावर काय होतं, हे माहीत नसल्यानेही भीती वाटते. म्हणून तेही सांगते. सिस्टर तुम्हाला आडोशाला नेतील आणि काही प्रश्न विचारतील: शेवटची पाळी कधी आली, दिवस गेलेत का, पाणी कसं जातं, वास आहे का, संबंधाच्या वेळी दुखतं का, नवऱ्याला काही त्रास आहे का, नवरा कामासाठी बाहेरगावी असतो का, आणखी कोणाशी संबंध आहे का. शेवटचा प्रश्न टोचतो, ठाऊक आहे. पण औषध कोणतं आणि किती जणांना द्यायचं, ते त्याच्या उत्तरावर ठरतं. खरं सांगा. न्यायनिवाडा करायला आम्ही बसलेलो नाही.

मग तपासणी. आतून बघायचं असेल तर एक उपकरण घालून दोन-तीन मिनिटांत बघतात. अंग सैल सोडलं तर फारसं दुखत नाही. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील, तर जवळ सिस्टर उभी पाहिजे. नसेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. लग्न न झालेल्या मुलीची सहसा आतून तपासणी करत नाहीत. विचारपूस करून, बाहेरून पाहूनही उपचार सुरू करता येतात. वयात आलेल्या मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत, तिथे पाळीपासून सगळं विचारता येतं.

औषधं बहुतेकदा रंगीत पाकिटांत मिळतात. पांढरं जाण्याचं पाकीट हिरवं, ओटीपोटाच्या सुजेचं पिवळं, पुरुषाच्या लघवीतून पू जात असेल तर राखाडी. आजार वेगळा, पाकीट वेगळं. म्हणून आपलं पाकीट जावेला देऊ नका, तिचं आपण घेऊ नका. काही गोळ्या सिस्टरच्या समोरच घ्यायच्या असतात, त्या तिथेच घ्या. घरी नेलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडू नका. औषध चालू असताना दारू बंद. पेनिसिलिनची किंवा कशाचीही ॲलर्जी असेल तर आधी सांगा. सातव्या दिवशी बोलावलं असेल तर बरं वाटत असलं तरी या. आणि पूर्ण बरं होईपर्यंत संबंध नको. टाळता आला नाही तर निरोध वापरलाच पाहिजे. निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आशाताईंकडेही मिळतो.

आता दादा लोकांनो, तुमच्याकडे वळते. संबंधातून आलेल्या आजाराचं औषध एकट्या बायकोला देऊन भागत नाही. ती गोळ्या खाते, बरी होते, तुमच्याकडून तोच आजार पुन्हा घेते, आणि घरात बोलणं होतं की ‘हिचं दुखणं काही संपत नाही.’ छपराचं भोक तसंच ठेवून खालची ओल पुसत बसण्यातला हा प्रकार. प्रत्येक आजारात नवऱ्याला औषध लागतंच असं नाही. जिथे लागतं तिथे सिस्टर चिठ्ठी देते. ती चिठ्ठी खिशात घालून हरवू नका. लघवीला जळजळ, पू, फोड, जांघेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर बायकोच्या आधी तुम्ही या. बसस्टँडवरच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ म्हणून जे रंगवलेलं असतं, तिकडे पैसे आणि वेळ दोन्ही जातात. मेडिकलमधून मनाने घेतलेल्या गोळ्यांनी जंतू अर्धवट मरतात, उरलेले निबर होतात. परम्याच्या जंतूंवर पूर्वीची बरीच औषधं आता चालत नाहीत, ती अशानेच निकामी झाली. जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, ते याच आजारांसाठी आहे. पुरुषांनाही तिथे तपासतात.

एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. पांढरं जातं म्हणून पिशवी काढू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांचं काय झालं ते आठवा. फडावर संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, आणि कामाला खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. त्यात पांढरं जाण्याचा त्रास झाला की सल्ला मिळायचा, ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावण्याची वेळ बीडमध्ये आली.

गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग, आणि त्यापायी कर्ज काढून ऑपरेशन! पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर तरुण वयातच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. पिशवी काढावी लागणारे आजार आहेत: कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं. पण ते आहेत की नाहीत, याची खात्री एका सोनोग्राफीच्या कागदावर करू नका. ‘लगेच करा’ म्हटलं की विचारा: आजाराचं नाव काय, औषधाने बरं होणार नाही का, अंडाशय ठेवणार का? आणि तेच कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुसरं मत घेतल्याने कोणाचा अपमान होत नाही.

कॅन्सरची भीती खरीच वाटत असेल, तर तिचा उपाय तपासणीत आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर मुख्यतः एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू संबंधातून पसरतो. कॅन्सर व्हायला मध्ये बरीच वर्षं जातात. तेवढ्या काळात तो पकडता येतो. तपासणी साधी: मुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या पथकाने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या शिकलेल्या मुली होत्या. ज्या बायकांची अशी तपासणी होत राहिली, त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिशी ओलांडली की त्रास असो-नसो, ही तपासणी करून घ्या. मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती बनवली आहे. वयात येतानाच दिली तर तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

घरच्या घरी करायचं ते थोडकंच आहे. योनीच्या आत साबण, डेटॉल, लिंबू, तुरटी काही घालू नका. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे. शौचानंतर पुढून मागे धुवा. पाळीचा कपडा साबणाने धुऊन उन्हात वाळवा. दुसऱ्या कपड्याखाली लपवून सावलीत वाळवलेला कपडा दमटच राहतो.

आणि या वेळी मात्र एक दिवसही थांबू नका: ओटीपोटात दुखून ताप आला, पाळी चुकलेली असताना एकाएकी पोटात कळ येऊन चक्कर आली, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, मुलाच्या अंडकोशात अचानक असह्य दुखू लागलं. शेवटच्या दुखण्यात तर तास मोजायचे असतात.

माझ्याबरोबरीच्या सिस्टरांनाही दोन शब्द. रांगेसमोर ‘पांढरं जाणाऱ्या कोण?’ असं ओरडून विचारायचं नाही. पडदा फाटला असेल तर आधी पडदा लावून घ्या. बिनलग्नाची मुलगी आली तर उपदेश नको, औषध द्या. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करायची नाही आणि अहवाल कोणाला सांगायचा नाही, हे २०१७ च्या कायद्याने बांधून दिलेलं आहे. एकदा अपमान होऊन गेलेली बाई पुन्हा येत नाही, आणि तिच्या ओळखीच्या दहाजणीही येत नाहीत.

ओळखीच्या दवाखान्यात जायचा संकोच वाटत असेल, तर शेजारच्या तालुक्याला जा. तेही जमत नसेल तर १०९७ वर फोन लावा, तो फुकट आहे. बोलणं जमत नसेल, तर त्रास चिठ्ठीवर लिहून आणा आणि सिस्टरच्या हातात द्या. लिहिता येत नसेल तर ‘मला आत बोलायचंय’ एवढंच म्हणा. पुढचं विचारणं आमचं काम. या आठवड्यात या, आणि जमलं तर नवऱ्याला बरोबर आणा.