हळदीचा अहवाल आणि एक सेंटिमीटरचा तंतू

नांदेड-हिंगोली रस्त्यावरचा वारंगा फाटा हळदीच्या पट्ट्यात येतो. जवळच्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे हळद संशोधन केंद्रही उभे राहिले. पण माल परदेशी पाठवायचा तर शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा असतो.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून कारवाई केली. मसाल्यातले जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा हा वायू कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात मसाल्यांसाठी मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे दहा टन हळदीत फक्त एक ग्रॅम. त्यातही मूळ वायू आणि त्यापासून बनणारे क्लोरोइथेनॉल यांची बेरीज धरली जाते.

इतके थोडे द्रव्य शोधायचे कसे? अनेक प्रयोगशाळा द्रावकात अर्क काढतात. दुसरी पद्धत म्हणजे घन-अवस्था सूक्ष्म निष्कर्षण. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचे यानुश पावलीशिन यांनी ती १९९० च्या सुमारास पुढे आणली. सुईच्या आत सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, लेप दिलेला तंतू असतो. प्रयोगशाळेत त्याला ‘फायबर’ म्हणतात. बंद बाटलीतली हळद गरम केली की वर जमलेली वाफ हा तंतू शोषतो. मग तो गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात तापवला की पकडलेले रेणू सुटतात आणि मोजले जातात.

गोम लेपाच्या निवडीत आहे. इथिलीन ऑक्साइडसारखे लहान, चटकन उडणारे रेणू पकडायला सूक्ष्म छिद्रांच्या कार्बनचा, म्हणजे ‘कार्बोक्सेन’चा लेप लागतो. साध्या सिलिकॉनच्या लेपावर ते फारसे टिकत नाहीत. हळदीचा गंध तपासायचा तर तीन पदार्थांचा मिश्र लेप बहुधा सोयीचा पडतो.

मात्र छिद्रांच्या लेपावर जागा मोजकी असते. हळदीच्या वाफेत टर्मेरोनसारखी गंधद्रव्ये भरपूर असतात आणि ती लहान रेणूंना हुसकावून स्वतः जागा अडवतात. मग दोष असूनही आकडा कमी दिसू शकतो. म्हणून तपासणीचा वेळ आणि तापमान प्रत्येक वेळी तेच ठेवावे लागते आणि नमुन्यात ठरावीक मात्रेचा संदर्भ पदार्थ मिसळून हिशेब जुळवावा लागतो.

निगा राखली नाही तर चूक उलट दिशेनेही होते. आधीच्या नमुन्यातले अवशेष तंतूवर राहिले, तर ते पुढच्या शेतकऱ्याच्या हळदीच्या नावावर चढतात. नवा तंतू वापरण्याआधी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला शुद्ध वायूत तापवावा लागतो. कार्बोक्सेनसाठी हे साधारण ३०० अंश सेल्सिअस असते. रोज सकाळी आणि दोन नमुन्यांच्या मध्ये रिकामी चाचणी घ्यावी. तंतूला बोट लावू नये. झाकणाचे रबर टोचताना तो सुईच्या आतच असावा, नाहीतर लेप खरवडतो. हळदीच्या द्रावणात बुडवण्यापेक्षा वरची वाफ घेणे बरे, कारण तेल आणि रंग लेपाला चिकटून बसतात. तंतू ठेवायची जागाही अत्तर आणि द्रावकांच्या वासापासून दूर हवी. नीट सांभाळला तरी तंतू साधारण ५० ते १०० वेळाच चालतो. म्हणून प्रत्येक वापराची नोंद हवी. पैसे वाचवायला झिजलेला तंतू ताणत राहिले, तर आकडे हळूहळू घसरतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. भाव ठरवताना विचारले जाणारे कुरकुमिन वाफेत येत नाही, त्याची तपासणी वेगळी. पिवळा रंग खुलवायला केलेली शिशाच्या क्रोमेटची भेसळही हा तंतू पकडत नाही, त्यासाठी धातू मोजणारे यंत्र लागते. ‘गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासले’ म्हणजे सगळेच तपासले, असे नाही.

त्यामुळे अहवाल हातात आला की शेतकरी गटांनी आणि व्यापाऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : कोणता घटक कोणत्या पद्धतीने मोजला? त्या दिवशीची रिकामी चाचणी स्वच्छ आली होती का? त्या घटकासाठी प्रयोगशाळेला मान्यता आहे का? खोटा दोष निघाला तर वर्षाची मेहनत परत येते. खरा दोष सुटला तर तो कोणाच्या तरी ताटात जातो.